उडी मारणारं घड्याळ

१९४९-५० च्या सुमारास ओस्लोजवळच्या शेलर इथे, नॉर्वेच्या लष्करी संशोधन संस्थेत, विशीतला एक गणिती कागद-पेन्सिल घेऊन न्यूट्रॉनांच्या मागे लागला होता. देशाची पहिली अणुभट्टी उभी राहायची होती. युरेनियम किती न्यूट्रॉन गिळेल, याचं उत्तर हाताशी असलेल्या सूत्रांतून नीट निघत नव्हतं. तेव्हा क्रिस्टन न्यूगार्ड या तरुणाने दुसरी वाट धरली. एक न्यूट्रॉन घ्यायचा, तो कुठे वळेल आणि कशावर आदळेल हे यदृच्छ आकड्यांवरून ठरवायचं, तो संपला की दुसरा घ्यायचा. असे ढीगभर न्यूट्रॉन कागदावर जगवून आणि मारून झाले, की त्यांच्या हिशेबातून भट्टीचा अंदाज बांधायचा. हे सगळं हाताने चाले.

ही युक्ती काही वर्षांपूर्वी अमेरिकेत लॉस ॲलामॉसला जन्मली होती. आजारातून उठलेला स्टॅनिस्लॉ उलाम १९४६ साली पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून बसला असताना, डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजावी, असं त्याला सुचलं. जॉन फॉन नॉयमनने ती कल्पना एनिॲक या संगणकापर्यंत नेली. न्यूगार्डकडे एनिॲक नव्हता. त्याच्याकडे चिकाटी होती, आणि न्यूट्रॉनांनंतर त्याचं लक्ष माणसांच्या, यंत्रांच्या आणि वाहनांच्या रांगांकडे वळलं.

रांगेचं गणित तसं जुनं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अरलांगने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलवर निबंध लिहिला आणि किती कॉल आले तर किती तारा पुरतील, या प्रश्नाला गणिताचा आधार दिला. एक खिडकी आणि एक रांग असेल तर सूत्र चालतं. पण खिडकीवरचा माणूस जेवायला उठतो, रांगेतला एखादा कंटाळून निघून जातो, तातडीच्या माणसाला मध्येच घ्यावं लागतं, आणि इथून सुटलेला पुढच्या रांगेत जाऊन उभा राहतो. एवढं एकत्र आलं की सूत्र हात टेकतं. तिथे रांग कागदावर किंवा यंत्रात जगून बघावी लागते.

ती कशी जगायची, यातच या विद्येचा गाभा आहे. एका डॉक्टरचा दवाखाना घ्या. पहिला रोगी नऊला आला, त्याला सात मिनिटं लागणार. दुसरा नऊ वाजून चार मिनिटांनी येणार. मग वहीत दोन नोंदी झाल्या: ९.०४ ला आगमन, ९.०७ ला पहिल्याची सुटका. नऊ ते नऊ-चार या वेळात दवाखान्यात काहीच बदलत नाही, म्हणून घड्याळाने तिथे टिकटिक करत बसायचं कारण नाही. ते सरळ ९.०४ वर उडी मारतं. रोगी बाकावर बसतो. घड्याळ ९.०७ वर जातं, पहिला बाहेर पडतो, दुसरा आत जातो आणि त्याच्या सुटकेची नवी नोंद वहीत चढते. वहीतली सगळ्यात आधीची घटना उचलायची, घड्याळ तिथे लावायचं, ती घटना घडवायची, तिच्यातून निघणाऱ्या पुढच्या घटना वहीत लिहायच्या. एवढंच. इंग्रजीत याला डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन म्हणतात. एखाद्या बंदराची दहा वर्षं यंत्र काही क्षणांत जगू शकतं, कारण रिकामा वेळ ते जगतच नाही.

या कल्पनेला पहिलं सर्वसाधारण हत्यार मिळालं ते पोलादाच्या गावात. इंग्लंडमधल्या शेफील्डला युनायटेड स्टील या कंपनीत कीथ टोकर काम करत होता. भट्ट्या, क्रेन, साचे एकमेकांची वाट पाहत उभे राहत आणि भट्टीतला रस कोणासाठी थांबत नाही. प्रत्येक कारखान्यासाठी नवा प्रोग्राम लिहिण्याऐवजी टोकरने मुळातच विचार केला. कारखाना म्हणजे वेगवेगळी यंत्रं. प्रत्येक यंत्र एका अवस्थेतून दुसरीत जातं, आणि हा बदल ठरावीक क्षणीच होतो. मग सगळ्या कारखान्यांना पुरेल असा एकच सांगाडा का लिहू नये? त्यातून १९६० च्या सुमारास त्याचा जनरल सिम्युलेशन प्रोग्राम तयार झाला. आधी घड्याळ पुढे न्यायचं, मग त्या क्षणी ठरलेल्या घटना उरकायच्या, आणि शेवटी ‘आता काही सुरू होऊ शकतं का’ हे तपासायचं, ही त्याची तीन पायऱ्यांची रीत आजही शिकवली जाते. १९६३ साली त्याने या विषयावर पुस्तकही लिहिलं.

अटलांटिकपलीकडे आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डनने १९६१ साली जीपीएसएस आणलं. त्यात प्रोग्राम लिहिण्याऐवजी ठोकळे जोडायचे: या ठोकळ्यातून गिऱ्हाईक येतं, या ठोकळ्यात ते यंत्र अडवतं, पुढच्यात सोडतं. प्रोग्रामर नसलेल्या इंजिनियरलाही ते कळे, म्हणून ते झपाट्याने पसरलं. रँड कॉर्पोरेशनमध्ये हॅरी मार्कोविट्झ, बर्नार्ड हाउसनर आणि हर्बर्ट कार यांनी सिमस्क्रिप्ट लिहिली. गुंतवणुकीच्या सिद्धान्तासाठी १९९० चं नोबेल मिळालेला मार्कोविट्झ तो हाच. त्याने आणि कारने १९६२ साली काढलेली कंपनी पुढे सिमस्क्रिप्ट विकू लागली. संगणकाबरोबर सॉफ्टवेअर आपोआप येण्याचे ते दिवस होते. आयबीएमने १९६९ साली सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं आणि ती पद्धत मोडत गेली.

पण सगळ्यात दूर गेली ती ओस्लोची वाट.

१९६० साली न्यूगार्ड नॉर्वेच्या संगणक केंद्रात आला. रांगांची वर्णनं लिहायला त्याला भाषा हवी होती. माणसाने वाचली तर कारखाना समजावा आणि यंत्राने वाचली तर कारखाना चालावा, अशी. प्रोग्रामिंगमध्ये तो स्वतः तज्ज्ञ नव्हता, तज्ज्ञ होता त्याचा शेलरचा सहकारी उले-युहान डाल. केंद्राला मोठा संगणक हवा होता, युनिव्हॅक कंपनीला आपलं ११०७ यंत्र युरोपात खपवायचं होतं. सौदा जुळला: यंत्र सवलतीत मिळेल, बदल्यात सिम्युला ही नवी भाषा त्या यंत्रावर तयार करून द्यायची. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र आलं आणि १९६४ संपता संपता सिम्युला त्यावर चालू लागली.

डालला एका अडचणीने छळलं होतं, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सिम्युला आल्गॉल ६० या भाषेवर उभी होती. आल्गॉलमध्ये प्रोग्रामचे तुकडे ताटांच्या चळतीसारखे रचले जात. सगळ्यात शेवटी ठेवलेलं ताट सगळ्यात आधी उचलायचं. रांगेतली माणसं तशी वागत नाहीत. आधी आलेला आधीच जाईल असं नाही, मधलाच कोणी निघून जातो, एखादा अर्ध्यावर थांबतो आणि तासाने तिथूनच पुढे चालू लागतो. म्हणून डालने यंत्राच्या स्मृतीची वाटणी नव्याने लिहिली. आता प्रत्येक गिऱ्हाईक, प्रत्येक ट्रक हा स्वतंत्र जीव झाला. त्याच्याजवळ स्वतःची माहिती होती, त्याचं स्वतःचं वागणं होतं, आणि अर्ध्यावर थांबून पुन्हा सुरू होण्याची सोयही होती.

मग टोलनाक्याचा प्रश्न आला. पुलावरच्या नाक्यापाशी ट्रक आणि बस एकाच रांगेत उभे आहेत. रांगेत उभं राहायचं तर दोघांचं वागणं सारखं, पण ट्रकच्या माहितीत माल आहे आणि बसच्या माहितीत प्रवासी. रांगेचं वर्णन दोनदा का लिहायचं? डाल आणि न्यूगार्डला उत्तर सापडलं: ‘वाहन’ एकदाच लिहा आणि ट्रक, बस त्याच्यावर बेतून घ्या. आज जगभरचे प्रोग्रामर ज्याला क्लास आणि इनहेरिटन्स म्हणतात, ते इथून आलं, टोलनाक्यावरच्या रांगेतून. दोघांच्या चर्चा म्हणजे भांडणंच असत. १९६७ च्या वसंतात केंद्रात नव्याने लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली, की वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसांची मारामारी चालली आहे. ऑपरेटरने क्षणभर कान दिला आणि सांगितलं, काही नाही, डाल आणि न्यूगार्ड सिम्युलाबद्दल बोलताहेत. त्याच वर्षी मे महिन्यात सिम्युला ६७ जगापुढे मांडली गेली.

भाषा पसरण्याआधी तिच्या कल्पना पसरल्या. युटा विद्यापीठात ॲलन केने सिम्युलाच्या प्रोग्रामची लांबलचक छापील गुंडाळी जमिनीवर पसरून वाचली आणि पुढे स्मॉलटॉक ही भाषा घडवली. केम्ब्रिजमध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप डॉक्टरेटसाठी सिम्युलात सिम्युलेशन लिहीत होता. लिहिताना ती त्याला फार आवडली, पण चालवताना यंत्राचा बहुतेक वेळ नको झालेली स्मृती झाडण्यातच जाऊ लागला. नाइलाजाने त्याने सगळं बीसीपीएल या काटक भाषेत पुन्हा लिहिलं. १९७९ साली बेल लॅब्जमध्ये सी भाषेला सिम्युलाचे क्लास जोडायला तो बसला, त्यामागे हाच अनुभव होता. त्या जोडभाषेचीच पुढे सी प्लस प्लस झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्राम-संग्रहांपैकी एक सिम्युलेशनसाठीच होता.

खुद्द सिम्युला मात्र मोजक्याच ठिकाणी राहिली. ओस्लोचं केंद्र मोठ्या यंत्रांसाठीचे कम्पायलर विकत असे. ज्याच्याकडे ते यंत्र आणि तो पैसा, त्याच्याकडेच सिम्युला. बऱ्याच उशिरा ओस्लो विद्यापीठात लिहिलेला सिम हा सिम्युलाचा कम्पायलर मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पात आला, पण तोवर जग पुढे गेलं होतं.

न्यूगार्डला सिम्युला ६७ नंतरच्या काळात वेगळीच काळजी लागली. सिम्युलेशनने कारखान्याची नवी मांडणी सुचवली की कामगाराचं काम बदलतं, पण ज्याचं काम बदलतं त्याला ते सिम्युलेशन उघडून बघता येत नाही. व्यवस्थापन म्हणतं, संगणकाने सांगितलं. १९७० नंतर त्याने नॉर्वेच्या लोह आणि धातू कामगार संघटनेबरोबर काम सुरू केलं. कामगारांनी संगणक म्हणजे काय ते समजून घ्यायचं, आपल्या कारखान्यात तो काय करणार आहे याचा अभ्यास करायचा आणि स्वतःचा आराखडा मांडायचा. या चळवळीची खूण नॉर्वेच्या १९७७ च्या कामाच्या वातावरणविषयक कायद्यातही उमटली: कामाचं नियोजन ज्या व्यवस्थांनी होतं, त्यांची माहिती कामगारांना मिळालीच पाहिजे. भाषा घडवणाऱ्या शास्त्रज्ञाने कामगारांच्या सभेत जाऊन बसावं, ही या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मॉडेल कोणाला उघडता यावं, हा प्रश्न त्याने सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर वाद रंगण्याच्या कितीतरी आधी विचारला होता.

तो प्रश्न पुन्हा उभा राहिला कॅलिफोर्नियात, वेगळ्या कारणाने.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात इंटरनेट गुदमरलं. दोन ठिकाणांत अंतर फक्त ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट्सचा वेग ४० बिट्सवर आला. दोन्हीकडची यंत्रं वाटेत हरवलेली माहितीची पाकिटं पुन्हापुन्हा पाठवत होती आणि त्या गर्दीने आणखी पाकिटं हरवत होती. व्हॅन जेकबसनने त्यावर उपाय शोधला, पण नवा उपाय सबंध इंटरनेटवर करून बघता येत नाही. पाकिटांची रांग हीसुद्धा रांगच. आगमन, वाट पाहणं, सुटका किंवा गळती. शेफील्डच्या भट्टीसमोरचं गणित इथे तारेत आलं.

आयआयटी दिल्लीत शिकून बर्कलीला गेलेले श्रीनिवासन केशव यांनी १९८८-८९ च्या सुमारास रिअल हा नेटवर्कचा सिम्युलेटर लिहिला. त्याच्यावरून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्ह मॅककॅन, सॅली फ्लॉइड आणि केव्हिन फॉल यांच्या हातून १९९५ नंतर एनएस घडला, आणि पाठोपाठ एनएस-टू. त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये, म्हणजे सिम्युलाचं रक्त त्यातही होतंच. फ्लॉइड आणि फॉल यांनी पाकिटं पाठवण्याच्या टीसीपी या पद्धतीच्या तीन तऱ्हांची तुलना १९९६ साली छापली तेव्हा त्या प्रयोगांच्या स्क्रिप्टही एनएसबरोबर ठेवल्या. कोणालाही शंका आली तर त्याने स्वतः चालवून बघावं. निबंधातल्या आलेखावर विश्वास ठेवा, असं त्यांना म्हणावं लागलं नाही.

हाच एनएस-टू मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या इंजिनियरिंगच्या प्रयोगवहीत येऊन बसला. फुकट असल्यामुळे कॉलेजला परवाना घ्यायला लागत नसे, हे मोठंच कारण. टीसीएलची स्क्रिप्ट लिहायची, दोन नोड जोडायचे, नॅम या ॲनिमेशनच्या साधनाच्या खिडकीत रंगीत चौकोनी पाकिटं या टोकाकडून त्या टोकाकडे सरकताना पाहायची, रांग भरली की खाली गळून पडणारी पाकिटं पाहायची, आणि ट्रेस फाइलवर ऑक चालवून आकडे काढायचे. कॉम्प्युटर नेटवर्क्सची प्रॅक्टिकलं केलेल्या कित्येक मराठी मुलांनी उडी मारणारं घड्याळ पहिल्यांदा तिथे पाहिलं, जरी त्या वहीत ओस्लोचं नाव नव्हतं.

फक्त स्रोत उघडा असून भागत नाही, हेही लवकरच कळलं. कोलोरॅडोतल्या स्टुअर्ट कुर्कोव्स्की, ट्रेसी कॅम्प आणि मायकेल कोलाग्रोसो यांनी २००० ते २००५ या काळात मोबीहॉक या नामांकित परिषदेत आलेले १५१ निबंध तपासले. त्यांतल्या ११४ निबंधांनी सिम्युलेशन वापरलं होतं. ३४ जणांनी कोणता सिम्युलेटर वापरला, हेसुद्धा लिहिलं नव्हतं. पुन्हा करून पाहता येतील असे निबंध १५ टक्क्यांहून कमी निघाले. यदृच्छ आकड्यांची सुरुवात कुठून केली, किती वेळा प्रयोग चालवला, सुरुवातीची रिकामी रांग भरेपर्यंतचा काळ वगळला की नाही, यातलं बरंचसं वाचकाला कळत नसे. हे तपशील कंटाळवाणे वाटतात, पण उत्तराची सगळी भिस्त त्यांच्यावर असते. सकाळी रिकाम्या दवाखान्याचा पहिला तास सरासरीत धरला, तर कोणताही डॉक्टर फार वेगवान दिसेल. दरम्यान एनएसची पुढची पिढी, २००८ साली पहिल्यांदा बाहेर पडलेला एनएस-थ्री, ग्नूच्या परवान्याखाली नव्याने लिहिली गेली.

नेटवर्कच्या बाहेर, कारखाने आणि इस्पितळांच्या दुनियेत, पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरचं राज्य बराच काळ टिकलं, आणि त्याला कारणही होतं. पडद्यावर माउसने यंत्र ओढून ठेवायचं, रांग हलताना बघायची, हे सुख मुक्त हत्यारांत फारसं नव्हतं. जावात लिहिलेल्या जामसिमने ते दिलं. खाणी आणि बंदरांची कामं करणाऱ्या ऑसेन्को या कंपनीने स्वतःसाठी बनवून ते खुलं केलं. हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या डेस्मो-जेची मुळं तर ग्रॅहॅम बर्टविसलने १९७९ साली सिम्युलात लिहिलेल्या डेमॉसमध्ये आहेत.

खरा उलटफेर मात्र एका छोट्या शब्दाने केला. डिसेंबर २००१ मध्ये पायथन या भाषेची २.२ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ‘यील्ड’ आला. आता फंक्शन अर्ध्यावर थांबू शकत होतं, आपली जागा लक्षात ठेवू शकत होतं आणि बोलावल्यावर तिथूनच पुढे जाऊ शकत होतं. डालने चळत मोडून जे साधलं होतं, ते आता एका सोप्या, फुकट भाषेत सगळ्यांच्या हाती आलं. वर्षभराच्या आत, सप्टेंबर २००२ मध्ये, क्लाउस म्युलर आणि न्यूझीलंडमधले टोनी विग्नो यांनी सिमपाय बाहेर काढलं आणि सिम्युला व सिमस्क्रिप्टचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. २०१३ साली ते नव्याने लिहिलं गेलं. आज ते एमआयटी परवान्याखाली आहे आणि त्याचा गाभा इतका आटोपशीर आहे, की घटनांची वही कशी ठेवली आहे ते कोणीही निवांतपणे वाचून काढू शकतो. आकडेशास्त्राच्या आर भाषेत ‘सिमर’ आलं. वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठातल्या गणितज्ञांनी लिहिलेल्या संग्रहाचं नाव ‘किऊ’ आहे. वेल्श भाषेत त्याचा अर्थच रांग. केलेला प्रयोग दुसऱ्याला जसाच्या तसा करता यावा, हा त्याचा मुख्य हेतू. दवाखान्यात खाटा किती ठेवायच्या हे एखाद्या मॉडेलने ठरणार असेल, तर त्या दवाखान्यातल्या नर्सलाही ते मॉडेल उघडून विचारता आलं पाहिजे, की रात्रीच्या पाळीला तुम्ही माणसं किती धरलीत.

डाल आणि न्यूगार्डना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी, जून आणि ऑगस्टमध्ये, सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले. त्याच्या पुढच्याच महिन्यात सिमपायची पहिली आवृत्ती आली. तिच्यात गिऱ्हाईकाला पाच मिनिटं थांबवायचं असेल तर ‘यील्ड’च्या पुढे ‘होल्ड’ लिहावं लागे. सिम्युला ६७ मधला शब्दही होल्डच होता. सिमपायने नव्या रूपात तो सोडून ‘टाइमआउट’ घेतला, पण नेदरलँड्समध्ये लिहिल्या गेलेल्या सालाबिम या मुक्त संग्रहात आजही गिऱ्हाईक होल्ड होतं, काम नसलं की पॅसिव्हेट होतं आणि कोणी हाक मारली की ॲक्टिव्हेट होतं. ओस्लोच्या फळ्यावरचे तिन्ही शब्द तिथे तसेच आहेत.